ज्यांना कबर मिळाली नाही

महायुद्धात परदेशी मेलेले मुस्लीम सैनिक म्हटलं की इंग्लंडमधल्या वोकिंगची दफनभूमी दाखवली जाते. हिंदी मुस्लीम सैनिकांचा दफनविधी नीट होत नाही, हा जर्मन प्रचार खोडायला सरकारनं ती 1915 ते 1917 दरम्यान शहाजहान मशिदीपासून जवळ बांधली. दोन्ही युद्धांतल्या मिळून तिथं 27 कबरी होत्या. नासधूस वाढल्यावर 1968 मध्ये त्या ब्रुकवुडला हलवल्या.

आपल्या मराठी मुसलमानांचं स्मारक मात्र मुंबईत मशीद बंदरजवळ आहे, इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी दर्यावर्दींची ही आठवण. तलावांच्या भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला हे लांबचं वाटेल, पण खेड-दापोलीकडच्या घरांत ‘बोटीवर गेलेला’ म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर सारंग, टंडेल, खलाशी बरेचसे रत्नागिरी जिल्ह्यातले असत, जेवणखाण्याचं खातं गोव्याच्या माणसांकडे. पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली.

30 डिसेंबर 1915 ला मुंबईकडे निघालेली ‘पर्शिया’ बोट जर्मन पाणबुडीनं क्रीटजवळ बुडवली. 519 पैकी 343 माणसं गेली. इंग्रजीत वाचायला गेलं तर कपूरथळ्याच्या महाराजांचं जडजवाहीर भेटतं, आणि रोल्स रॉईसच्या पुतळीसाठी जिचा नमुना घेतला असं म्हणतात ती एलिनॉर थॉर्नटन भेटते. खलाशी मात्र आकड्यात.

आकडा आणि नाव यांत किती अंतर असतं ते बसऱ्याला दिसतं. मेसोपोटेमियात मराठा पलटणीही लढल्या. 1929 मध्ये तिथं स्मारक उभं राहिलं, त्यावर ब्रिटिशांची नावं आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. युद्धकबर आयोगानं अशा भेदभावाची जाहीर कबुली दिली ती 2021 मध्ये.

बुडून मेलेल्याला हदीसनं शहिदांत धरलंय. दिलासा आहेच, पण बायकोचं काय? तार आली तर इद्दत. बोट नुसती ‘बेपत्ता’ असेल तर ती ना सुहागन, ना बेवा. जुन्या हनफी मतानं वाट बघणं जवळजवळ जन्मभराचं. मालिकी मतातली चार वर्षांची मुदत आपल्या कायद्यात आली ती 1939 च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्यानं. मार्चमध्ये कायदा झाला आणि सप्टेंबरात दुसरं युद्ध पेटलं. कोकणातले किती जहाजी पुन्हा त्याच पाण्यावर गेले!

त्या युद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून जास्त हिंदी खलाशांची नावं भिंतीवर नाहीत, वहीत आहेत. एक वही मुंबईत, याच सेलर्स होममध्ये. तिची जोडीची वही चितगावच्या युद्ध दफनभूमीत. मध्ये फाळणी झाली, मग बांगलादेश झाला, तरी यादी दोन्हीकडे एकच.