दिनविशेष : १६ सप्टेंबर
हृदयाच्या धमनीत पहिला फुगा (१९७७)

छाती न उघडता हृदयाची अरुंद झालेली धमनी मोकळी करण्याची पहिली शस्त्रक्रिया १९७७ मध्ये आजच्या दिवशी झ्युरिक येथे झाली. रुग्ण ३८ वर्षांचा होता आणि पूर्ण शुद्धीवर होता. डॉ. आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी मांडीच्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि तिच्या टोकाचा फुगा अडथळ्याच्या जागी दोनदा फुगवला. गरज पडलीच तर बायपास करण्यासाठी शल्यविशारद सज्ज होते. ती वेळ आली नाही. या फुग्याचे सुरुवातीचे नमुने ग्रुन्टझिग यांनी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार केले होते.

फुगा चरबीचा थर दाबून बाजूला सारतो; पण कॅल्शियम साचून टणक झालेला थर त्याला दाद देत नाही. त्यासाठी पुढे थर तासून काढणारी ‘अथेरेक्टमी’ आली. तिच्या एका प्रकारात हिऱ्याचे कण जडवलेले इवलेसे टोक मिनिटाला सुमारे दीड लाख फेरे घेत थर घासून काढते.

ग्रुन्टझिग १९८५ मध्ये विमान अपघातात गेले, अवघ्या ४६व्या वर्षी. मात्र १९८७ मध्ये त्या पहिल्या रुग्णाची तपासणी झाली, तेव्हा त्याची धमनी मोकळीच होती. आज असंख्य हृदयरुग्ण या धाडसी डॉक्टरांचे ऋणी आहेत.