ट्रिमचे छोटे चाक आणि ध्वनिवेगाची भिंत

१/
दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या चित्रपटांत मशीनगन दिसतात, इंजिनांचा गडगडाट ऐकू येतो. वैमानिकाच्या डाव्या हाताशी असलेले लहानसे चाक मात्र क्वचितच दिसते. हे ट्रिमचे चाक. ध्वनीचा वेग ओलांडण्याच्या इतिहासाशी त्याचे जवळचे नाते आहे.

२/
विमानाच्या आडव्या शेपटीच्या मागच्या कडेला एलेव्हेटर हा हलता भाग असतो. स्टिक मागे ओढली की तो वर उचलला जातो आणि विमानाचे नाक वर येते. मात्र वेग बदलला की विमानाचा तोलही बदलतो आणि नाक स्थिर राखण्यासाठी स्टिकवर सतत जोर द्यावा लागतो. तासन्तास हा जोर लावून हात थकला, तर नेम कसा धरणार?

३/
यावर उपाय म्हणजे ट्रिम. स्पिटफायरच्या एलेव्हेटरला लहानशा टॅब होत्या. टॅब खाली वळली की हवेचा दाब एलेव्हेटरला वर ढकलतो आणि हातावरचा भार उतरतो. जर्मन मेसरश्मिट १०९ ची रचना वेगळी होती. तेथे चाक फिरवले की संपूर्ण आडव्या शेपटीचाच कोन बदलत असे. शेजारचेच दुसरे चाक फ्लॅपचे होते.

४/
हा फरक सूर मारताना जाणवे. मोठ्या वेगात १०९ चा एलेव्हेटर इतका जड होई की दोन्ही हातांनी ओढूनही स्टिक पुरेशी हलत नसे. अशा वेळी शेपटीचा कोन बदलणे हाच मार्ग उरे. पण या मार्गात एक सापळा दडलेला होता.

५/
अमेरिकेच्या पी-३८ लाइटनिंग विमानाने हे संकट ठळकपणे समोर आणले. ध्वनिवेगाच्या सुमारे ६८ टक्क्यांपुढे त्याच्या पंखांवरील हवेचा प्रवाह बिघडे, नाक आणखी खाली झुके आणि स्टिक जणू थिजून जाई. यावर तोडगा म्हणून एलेव्हेटरला साहाय्यक टॅब बसवून चाचण्या सुरू झाल्या. ४ नोव्हेंबर १९४१ रोजी अशाच एका विमानाची शेपटी हवेत तुटली आणि लॉकहीडचे चाचणी वैमानिक राल्फ व्हर्डन मृत्युमुखी पडले.

६/
सापळा असा: उंचावर, विरळ आणि थंड हवेत एलेव्हेटर दाद देत नाही, म्हणून घाबरलेला वैमानिक ट्रिम भराभर मागे फिरवतो. खालच्या उबदार हवेत ध्वनीचा वेग अधिक असतो, त्यामुळे विमान धोक्याच्या मर्यादेतून बाहेर येते आणि शेपटीची पकड एकाएकी परतते. मघाशी दिलेली सगळी ट्रिम आता एकदम लागू होते. नाक हिसक्याने वर उठते आणि विमानाचा सांगाडा तो ताण सोसेलच असे नाही. पी-३८ ला खरा दिलासा मिळाला तो पुढे पंखांखाली बसवलेल्या डाइव्ह फ्लॅपमुळे.

७/
युद्धानंतर बेल एक्स-१ या रॉकेट विमानापुढेही हाच प्रश्न उभा राहिला. ध्वनिवेगाच्या ९४ टक्क्यांवर चक येगर यांच्या हातातील एलेव्हेटर निष्प्रभ झाला. अभियंते जॅक रिडली यांनी सुचवले की, एलेव्हेटर विसरून संपूर्ण शेपटीचा कोन अगदी थोडा थोडा बदलावा. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी एक्स-१ ने माख १.०६ गाठला.

८/
तोल साधण्यासाठी बनवलेली यंत्रणा आता मुख्य नियंत्रण बनली. एफ-८६ सेबरच्या पुढील आवृत्त्यांत स्टिकबरोबर संपूर्ण शेपटी हलू लागली. भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानाची शेपटीही अशीच होती. १९६५ च्या युद्धात नॅट आणि सेबर समोरासमोर आले, तेव्हा दोन्ही बाजूंना या धड्याचा वारसा होता.

९/
आजच्या सिम्युलेटरमध्येही नियम तोच आहे. आधी स्टिकने नाक हव्या त्या जागी आणावे, वेग स्थिरावू द्यावा आणि मग स्टिकवरचा जोर संपेपर्यंत ट्रिम हळूहळू द्यावी. सूर मारण्यापूर्वीच ती थोडी पुढे घ्यावी. सुरातून बाहेर पडताना आधी थ्रॉटल कमी करावा आणि ट्रिम अगदी जपून वापरावी. पडद्यावर चूक झाली तर डाव पुन्हा मांडता येतो. १९४१ च्या वैमानिकांना ती मुभा नव्हती.