मृत्युपत्रे, जमिनीचे कागद आणि वॉशिंग्टन घराणे

माणसाला आपल्या घराण्याची आठवण साधारण आजोबा-पणजोबांपर्यंत असते. त्यापलीकडे जायचे तर कागदाचा आधार लागतो. अमेरिकेत ब्रिटिशांच्या वसाहती होत्या त्या काळात, म्हणजे १७७६ पूर्वी, जन्ममृत्यूची आजच्यासारखी सरकारी नोंदणी नव्हती. व्हर्जिनिया प्रांतातील चर्चच्या कित्येक नोंदवह्याही नष्ट झाल्या आहेत. तेव्हा तेथील जुन्या घराण्यांचा शोध मुख्यतः दोन ठिकाणी घ्यावा लागतो : कोर्टात दाखल झालेली मृत्युपत्रे आणि जमिनीचे दस्तऐवज. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे घराणे हे याचे उत्तम उदाहरण आहे.

जॉर्ज यांचे पणजोबा जॉन वॉशिंग्टन १६५७ साली इंग्लंडहून जहाजाने व्हर्जिनियात आले आणि तेथेच राहिले. अॅन पोप हिच्याशी त्यांचे लग्न झाले व सासऱ्याने ७०० एकर जमीन दिली. त्या काळी तेथे असा नियम होता की, जो कोणी एका माणसाच्या प्रवासाचा खर्च करून त्याला वसाहतीत आणील, त्याला माणशी ५० एकर जमीन मिळावी. १६७४ मध्ये जॉन वॉशिंग्टन आणि निकोलस स्पेन्सर या दोघांना पोटोमॅक नदीकाठी ५,००० एकर जमीन मिळाली. अशा जमिनीच्या कागदांना आणलेल्या माणसांच्या नावांची यादी जोडलेली असे. कित्येक गरीब मजुरांचे नाव जगात दुसरीकडे कोठेच सापडत नाही, ते या यादीत सापडते.

आता या जमिनीच्या मागोमाग चालू या. जॉन यांनी १६७५ मध्ये मृत्युपत्र केले आणि आपला वाटा मुलाला, लॉरेन्सला दिला. लॉरेन्सने १६९८ मध्ये तो आपली मुलगी मिल्ड्रेड हिच्या नावे केला. १७२६ मध्ये मिल्ड्रेड व तिचा नवरा रॉजर ग्रेगरी यांनी ती जमीन तिचा भाऊ ऑगस्टीन याला १८० पौंडांना विकली. ऑगस्टीन १७४३ मध्ये वारला. त्याने ही जमीन थोरल्या लॉरेन्सला दिली व धाकट्या जॉर्जला दुसरे शेत दिले. लॉरेन्सने जागेचे नाव माउंट व्हर्नन ठेवले. तो १७५२ मध्ये वारला, त्याची लहान मुलगी १७५४ मध्ये गेली. विधवा अॅन हिचा हयातीपर्यंत हक्क होता, म्हणून जॉर्ज यांनी आधी जमीन भाड्याने घेतली. १७६१ मध्ये अॅन वारली आणि ते मालक झाले. पाहा, एकाच जमिनीने चार पिढ्यांची माणसे एका सुतात ओवली, आणि त्यात लेकी-सुनाही आल्या.

पण हे कागद जपून वाचावे लागतात. १७५२ पर्यंत इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जॉर्ज यांचा जन्म जुन्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१ आणि आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ असा येतो. ‘कझिन’ हा शब्द पुतण्या-भाच्यालाही वापरीत, आणि ‘सन-इन-लॉ’ म्हणजे कधी जावई तर कधी सावत्र मुलगा. मृत्युपत्रात थोरल्या मुलाचे नाव नाही, म्हणजे तो नव्हताच असे समजू नये. पुष्कळदा त्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असे.

मृत्युपत्रे बहुधा आजारपणातच लिहिली जात. ऑगस्टीनच्या मृत्युपत्रावर ११ एप्रिल १७४३ ही तारीख आहे आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा अंत झाला. रुग्णांच्या उशाशी नोकरीची वर्षे काढलेल्या माझ्यासारखीला या दोन तारखा पुष्कळ काही सांगतात. जॉर्ज यांनी मात्र आपले मृत्युपत्र जुलै १७९९ मध्ये, धडधाकट असताना, स्वतःच्या हाताने लिहिले. १४ डिसेंबरला, अखेरच्या दिवशी, त्यांनी पत्नी मार्था हिला दोन मृत्युपत्रे आणायला सांगितली, त्यांतले निरुपयोगी ठरलेले जाळायला लावले आणि दुसरे जपून ठेवायला दिले.

याच कागदांत दुसऱ्या घराण्यांचाही इतिहास आहे. मालकाच्या मालमत्तेच्या यादीत गुरे, भांडी, बिछाने यांच्याबरोबर गुलाम माणसांची नावे आणि किमती लिहीत. १६६२ च्या व्हर्जिनियातील कायद्याप्रमाणे मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरे. म्हणून अशा याद्यांत आईचे नाव पुष्कळदा सापडते, बापाचे क्वचित. १७९९ मध्ये जॉर्ज यांनी माउंट व्हर्ननवरील ३१७ गुलामांची यादी केली. तीत नाव, काम, नवरा किंवा बायको कोण व कोठे राहते, हे लिहिले आहे. यांपैकी १२३ त्यांचे स्वतःचे होते. त्यांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करावे असे त्यांनी लिहिले. विल्यम ली या जुन्या सेवकाला मात्र ताबडतोब स्वातंत्र्य आणि वर्षाला ३० डॉलर दिले. मार्थाने आपल्या हयातीतच, १ जानेवारी १८०१ रोजी, त्या सर्वांना मुक्त केले.

बाकीच्यांपैकी १५३ जण मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. तो १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला होता, म्हणून मार्थाला फक्त तिच्या हयातीपुरता एक तृतीयांश वाटा मिळाला. त्या माणसांना मुक्त करण्याचा अधिकार दोघा नवराबायकोंनाही नव्हता. १८०२ मध्ये मार्था वारली आणि ती माणसे तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. बाप मुक्त, आई आणि मुले गुलाम, अशी कुटुंबे यातून झाली. न लिहिलेल्या एका मृत्युपत्राचा परिणाम पंचेचाळीस वर्षांनी लेकराबाळांवर झाला.

गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावे देशाच्या शिरगणतीत पहिल्यांदा आली ती १८७० मध्ये. त्यापूर्वीच्या पिढ्या शोधायच्या तर त्यांच्या वंशजांना आजही मालकांचीच मृत्युपत्रे चाळावी लागतात. त्यांतलेही पुष्कळ उरलेले नाही. १८६५ मध्ये रिचमंडच्या आगीत कित्येक कोर्टांची दप्तरे जळाली. मार्थाचे मृत्युपत्र यादवी युद्धात कोर्टातून नाहीसे झाले होते. ते १९१५ मध्ये परत मिळाले.

कागद नाही म्हणजे घराणे नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. लग्नाच्या वेळी आजी-पणजीपर्यंतचा वंश विचारला जाणे म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी या देशात सोसले आहे. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत असे जाहीर केले, तेही पुष्कळ धडपडीनंतर. आपली वंशावळ कोंकणातल्या गावांच्या नावांत राहिली. पेणकर म्हटले की पेण आणि रोहेकर म्हटले की रोहे, एवढे तरी लेकरांना कळते. पण ते गाव सोडून मुंबईला कोण आले, कोणत्या साली, आणि आजीचे माहेरचे आडनाव काय, हे आडनावात लिहिलेले नसते. घरात ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना विचारून, वाचकहो, ते आजच वहीत उतरवून ठेवा आणि खाली तारीख घाला.