सहा सह्यांचा मळा

कामगाराच्या भाजीच्या तुकड्यालाही इतिहास आहे. इंग्लंडात १९०८ साली कायदा झाला : सहा मतदारांनी वा करदात्यांनी लेखी मागणी केली, की स्थानिक संस्थेने तिचा विचार केलाच पाहिजे. तुकडा बहुधा दहा चौरस रॉडचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठ्यांचा. तुकडेकऱ्यांनी मंडळे स्थापली. बी-खत एकत्र खरेदी केले, पायवाटा राखल्या, भाज्यांची प्रदर्शने भरवली. गिरणीत शेजारी उभा राहणारा माणूस येथे शेजारधर्म शिकला.

आपल्याकडे १९४३ च्या सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. त्याच नावाखाली मुंबईत रेल्वेने रुळांलगतची पडीक जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी दिली. पालक, मेथी, भेंडी पिकली. परंतु तुकडा ज्याने त्याने एकट्याने घेतला. पुढे त्या भाजीला गटाराचे पाणी जाते अशी ओरड झाली, तेव्हा सर्वांच्या वतीने स्वच्छ पाणी मागायचे कोणी?

आपले केडगाव आता महानगरपालिकेत आहे. येथे भाजीपाल्यासाठी चार गुंठे मोकळी जागा मागायची झाली, तर एकट्याने अर्ज करू नका. आधी सहा माणसे जमवा.