ब्रॉन्को : शोरूममधून वाळवंटात

१/
१९६९ साली मेक्सिकोतील ‘मेक्सिकन १०००’ ही वाळवंटी शर्यत एका फोर्ड ब्रॉन्कोने जिंकली. शोरूममध्ये कोणालाही विकत मिळणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीवरून घडवलेले वाहन या शर्यतीच्या एकूण क्रमवारीत पहिले आले. तसे पुन्हा आजवर घडलेले नाही. पुढे विजयी ठरलेल्या ‘ब्रॉन्को’मध्ये तर फोर-व्हील ड्राइव्हच नव्हता! हे कसे घडले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
प्रथम भूमी पाहू. अमेरिकेच्या सीमेपासून दक्षिणेकडे बाहा कॅलिफोर्निया हा सुमारे १२०० किलोमीटर लांबीचा चिंचोळा द्वीपकल्प पसरलेला आहे. खडकाळ घाट, कोरडी पडलेली तळी, निवडुंगांची राने आणि चाक बुडेल इतकी पिठासारखी धूळ. त्याच्या उत्तर टोकापासून ला पाझपर्यंत अखंड डांबरी रस्ता पूर्ण झाला तो १९७३ साली. तोवर बहुतांश वाट म्हणजे केवळ चाकोऱ्या.

३/
१९६२ साली डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनिअर यांनी होंडाच्या मोटारसायकलींवरून तिहुआना ते ला पाझ हे अंतर सुमारे ४० तासांत कापले. १९६७ साली एड पर्लमन यांनी ‘नोरा’ ही संघटना स्थापून याच वाटेवर शर्यत सुरू केली. पहिली शर्यत मेयर्स मँक्स या हलक्या डून बग्गीने जिंकली. वेळ २७ तास ३८ मिनिटे. या बग्गीचे इंजिन मागे होते आणि शक्तीही केवळ मागच्या चाकांना मिळे. हा तपशील ध्यानात ठेवावा. पुढे तो निर्णायक ठरणार आहे.

४/
फोर्डने ब्रॉन्को बाजारात आणली ती १९६६च्या मॉडेलवर्षासाठी. तिचे प्रतिस्पर्धी दोन : इंटरनॅशनल कंपनीची स्काउट आणि जीपची सीजे-५. महिंद्रांमुळे भारतात परिचित झालेल्या विलीज जीपच्याच वंशातली ही सीजे. ब्रॉन्कोच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अवघे ९२ इंच. पुढे अखंड ॲक्सल व कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. साधी, चौकोनी, शेतावर आणि डोंगरात वापरण्याची गाडी.

५/
या गाडीला शर्यतीत उतरवणारा माणूस होता बिल स्ट्रॉपी. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे त्याची कार्यशाळा होती. मेक्सिकोची वाट त्याला नवी नव्हती. १९५० ते १९५४ या काळात भरलेल्या ‘कॅरेरा पानामेरिकाना’ या महामार्ग-शर्यतीसाठी त्याने क्ले स्मिथसह लिंकन मोटारी सज्ज केल्या होत्या. १९५२ पासून सलग तीन वर्षे त्या आपल्या गटात विजयी झाल्या. कारखान्यातून आलेली गाडी उघडायची, दुबळे भाग हेरायचे, ते बळकट करायचे आणि पुन्हा जोडायची, ही त्याची विद्या.

६/
अशा गाडीची बांधणी म्हणजे नेमके काय? आरंभ होतो काढून टाकण्यापासून. मागचे आसन, सजावट, खिडक्यांच्या काचा असे अनावश्यक वजन उतरते. मग चॅसीचे जोड तपासून जिथे भेगा पडण्याचा संभव, तिथे पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या जातात. आत नळ्यांचा रोल केज बसतो. गाडी उलटल्यास तो माणसांना वाचवतो. चॅसीला नीट जखडला असेल, तर साऱ्या सांगाड्याची पीळ सोसण्याची शक्तीही वाढवतो.

७/
खरी कसोटी सस्पेन्शनची. खड्ड्यात आदळलेल्या चाकाची उसळी शॉक ॲब्सॉर्बर तेलात जिरवतो; त्या उसळीची उष्णता होते. साध्या रस्त्यावर ती निघून जाते. बाहात मात्र खड्डे तासन्‌तास संपत नाहीत. तेल तापते, फेसाळते, शॉक निकामी होतो आणि मोकाट स्प्रिंगवर गाडी उधळू लागते. यावर त्या काळचा उपाय होता एकेका चाकाला दोन-दोन शॉक लावण्याचा. भार विभागला की उष्णताही विभागते.

८/
मोठे टायर बसावेत म्हणून मडगार्ड कापायचे. इंजिन व गिअरबॉक्सच्या पोटाखाली जाड पत्रा बसवायचा. पेट्रोलच्या जादा टाक्या लावायच्या, कारण वाटेत पंप नाहीत. या साऱ्यात एक पेच दडलेला असे. प्रत्येक मजबुतीने वजन वाढते. वाढलेले वजन प्रत्येक आदळण्याचा जोर वाढवते. आणि त्यामुळे पुढचा दुबळा भाग उघडा पडतो.

९/
१९६९ साली स्ट्रॉपीच्या ताफ्यातील ब्रॉन्को घेऊन लॅरी मायनर आणि रॉड हॉल शर्यतीत उतरले. दोघेही कॅलिफोर्नियातील हेमेटचे. २० तास ४८ मिनिटांत ते ला पाझला पोहोचले आणि एकूण क्रमवारीत पहिले आले. चारही चाकांना शक्ती देणारी, कारखान्याच्याच चॅसीवर उभी असलेली ही गाडी हलक्या बग्ग्यांनाही भारी पडली होती.

१०/
त्याच ताफ्यात दुसरा एक चालक होता : पार्नेली जोन्स, १९६३च्या ‘इंडियानापोलिस ५००’ शर्यतीचा विजेता. स्ट्रॉपीने त्याला डिवचून वाळवंटात आणले होते. हॉलची वृत्ती गाडी सांभाळून नेण्याची. जोन्सची पहिल्या क्षणापासून तुटून पडण्याची. तो वेगाने आघाडी घेई आणि गाडी त्याच्याखाली मोडे. १९७० पर्यंत ‘मेक्सिकन १०००’चे जेतेपद त्याच्या हाती लागले नाही.

११/
या अपयशाने एक मूलभूत प्रश्न पुढे आणला. संथ गतीने चिखलातून वा चढावरून जाताना फोर-व्हील ड्राइव्ह अमूल्य असतो, कारण तिथे अडचण पकडीची असते. ताशी १५० किलोमीटर वेगाने खड्ड्यांवरून जाताना अडचण बदलते. चाक किती उंच उचलले जाते, किती खाली उतरते आणि किती लवकर पुन्हा जमिनीला टेकते, यावर सारे ठरते. मऊ वाळू तर गाडी आपल्या वेगाच्या जोरावरच पार करते.

१२/
अशा वेळी पुढचे डिफरन्शियल, शाफ्ट आणि ट्रान्स्फर केस हे ओझे ठरतात. शिवाय शक्ती वाहणारे सांधे ठरावीक कोनापलीकडे वळत नाहीत. म्हणून पुढच्या चाकांच्या वर-खाली हालचालीलाही मर्यादा पडते. ज्या गुणासाठी ग्राहक ब्रॉन्को विकत घेत होता, तोच गुण तिला शर्यतीत मागे खेचत होता.

१३/
स्ट्रॉपीकडील कारागीर डिक रसेल याने जोन्ससाठी नवी गाडी बांधली. कारखान्याची चॅसी नाहीच. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ब्रॉन्कोच्या आकाराचे हलके आवरण आणि छतावर विमानाच्या पंखासारखा भलामोठा पंख. ३५१ घनइंचांचे व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि शक्ती केवळ मागच्या चाकांना. पुढे फोर्डच्या पिकअप ट्रकांमधील ‘ट्विन आय-बीम’ रचनेचे सुधारलेले सस्पेन्शन. ऑलिंपिया बिअरच्या प्रायोजकत्वावरून तिचे नाव पडले ‘बिग ओली’.

१४/
१९७१ साली जोन्स आणि शेजारी बसलेला स्ट्रॉपी यांनी १४ तास ५९ मिनिटांत शर्यत जिंकली. दोन वर्षांपूर्वीच्या विजयी वेळेपेक्षा जवळजवळ ६ तास कमी! १९७२ साली तीच जोडी पुन्हा पहिली आली. वरून ब्रॉन्को दिसणाऱ्या या यंत्रात ब्रॉन्कोचे फारसे काही उरलेले नव्हते. पहिल्या वर्षीच्या बग्गीने जे सुचवले होते, ते बिग ओलीने सिद्ध केले.

१५/
तरीही शर्यतीतील शिकवण उलट दिशेने, ग्राहकाकडेही आली. १९७१ पासून स्ट्रॉपीने सजवलेल्या ‘बाहा ब्रॉन्को’ फोर्डच्या विक्रेत्यांकडे मिळू लागल्या. त्यांत कापून रुंदावलेले मडगार्ड, रोल बार, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि पॉवर स्टिअरिंग होते. यांतील शेवटच्या दोन सोयी कारखान्याच्या साध्या ब्रॉन्कोत १९७३ साली आल्या.

१६/
पुढे दोन वाटा वेगळ्या झाल्या. १९७५ पासून ‘स्कोर’ संघटनेने ‘बाहा १०००’ची धुरा घेतली. मूळ चॅसीवरच्या गाड्यांसाठी स्वतंत्र गट टिकून राहिले. एकूण विजेतेपदासाठी मात्र नळ्यांच्या सांगाड्यांची वाहने झुंजू लागली. आजचे ‘ट्रॉफी ट्रक’ बिग ओलीच्या परंपरेतले. अलीकडे त्यांतील काहींत फोर-व्हील ड्राइव्ह परतला आहे, पण ती शोरूममधली गाडी नव्हे.

१७/
बिग ओली २०२१ साली लिलावात १८ लाख ७० हजार डॉलरला विकली गेली. तिचा गौरव रास्तच आहे. पण १९६९ची ब्रॉन्को आणखी काही सांगते. आपल्या दारातली गाडी आणि शर्यत जिंकणारी गाडी यांच्यात केवळ बळकटीचे अंतर असण्याचे ते अखेरचे वर्ष होते. दोनच वर्षांत ते अंतर इतके वाढले, की दोहोंत समान उरले ते नाव आणि चेहरा.