वाड्यातला बंब आणि नवा भाडेकरू

माणूस थकला की म्हातारा होतो. संगणक मात्र थकायच्या आत म्हातारा होतो. त्याला काहीएक झालेलं नसतं. पडदा उजळतो, बटणं दाबली की अक्षरं उमटतात, आतला पंखा जुन्या इमानानं घरघरतो. फक्त एके दिवशी नवं सॉफ्टवेअर दारात येतं, आत डोकावतं आणि म्हणतं, "छे! इथं आपलं जमायचं नाही."

का नाही जमायचं? तर प्रोग्राम हा बोलूनचालून भाडेकरू. फाइल वाचणं, खिडकी उघडणं ही कामं तो स्वतः करत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम नावाच्या वाड्याकडे नाव घेऊन मागतो. त्यानं 'गीझर' म्हटलं आणि वाड्यात बंब असला, की संपलं! पाणी बंबातही तापतं, हे त्याला सांगणार कोण? तो उंबऱ्यावरूनच बाडबिस्तरा परत फिरवतो.

विंडोज ९८ हा असाच एक वाडा. बांधला १९९८ साली. ११ जुलै २००६ रोजी मायक्रोसॉफ्टनं त्याची डागडुजी थांबवली. २००८ साली फायरफॉक्स ह्या ब्राउझरची तिसरी आवृत्ती आली, तिनं वाड्याकडे पाहून नाक मुरडलं. अशा वेळी कामी आला हौशी मंडळींनी घडवलेला कर्नलएक्स नावाचा गडी. बेरकी असामी! भाडेकरूनं गीझर मागितला की हा मागच्या अंगणात बंब पेटवतो आणि बादली पुढे करतो. "हा वाडा की ब्लॉक?" असं विचारलं, तर बेधडक "ब्लॉक" म्हणून सांगतो. वाड्यात मुळीच नसलेली वस्तू मागितली, तर कधीकधी काहीच न करता "झालं काम" म्हणतो. पण गंमत पाहा, फायरफॉक्स नांदला!

ही युक्ती खुद्द मायक्रोसॉफ्टलाही परकी नव्हती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, १६ बिटांच्या विंडोज ३.१ वर ३२ बिटांचे प्रोग्राम चालावेत म्हणून तिनंच विन३२एस काढलं होतं. ते नीट बसलं की नाही हे पाहायला सोबत फ्रीसेल हा पत्त्यांचा डाव दिला होता. म्हणजे कचेरीत पत्ते खेळताना जे पकडले गेले, ते बिचारे तपासणी करीत होते!

एवढा खटाटोप कशाला, असं तुम्ही म्हणाल. आमच्या ओळखीच्या एका आजोबांच्या जुन्या यंत्रात आजींनी टाइप केलेल्या पाककृती आहेत, त्याही जुन्या मराठी फॉन्टात. नव्या यंत्रात त्या उघडल्या, तर बासुंदीच्या जागी कंस आणि स्वल्पविराम दिसतात. यंत्र टाकवत नाही, आणि नातवानं पाठवलेली फाइल तर उघडायलाच हवी. अशा माणसाला कर्नलएक्ससारखा गडी देवदूत वाटतो.

मात्र गडी पाणी आणून देतो, चोर अडवत नाही. विंडोज एक्सपीची डागडुजी ८ एप्रिल २०१४ला थांबली. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर फिरला, ब्रिटनची सरकारी इस्पितळंही त्यानं सोडली नाहीत. तेव्हा मायक्रोसॉफ्टला निवृत्त एक्सपीसाठीही ठिगळ द्यावं लागलं.

तात्पर्य, वाडा पाडायची घाई नको. बंब पेटू द्या, बासुंदीही आटू द्या. फक्त इंटरनेटकडचं दार आतून लावून घ्या, आणि नातवाची फाइल पेन ड्राइव्हवरून, नीट तपासून, आत घ्या.