मॅन्युअल नसलेलं म्युझिक सॉफ्टवेअर कसं शिकायचं? 'फूबार २०००' आणि टॅगचा गुंता

गाणी ऐकायची म्हटलं की आता बहुतेकांचं बोट थेट मोबाइल ॲपकडे जातं. तरीही अनेक घरांत हार्ड डिस्कवर हजारो गाण्यांच्या फाइल्स पडून असतात. कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं, जुन्या सीडींच्या कॉपी, एखाद्या खासगी मैफलीचं रेकॉर्डिंग. यातलं बरंचसं कोणत्याही ॲपवर मिळत नाही. ते नीट लावून ठेवायचं म्हणून कुणीतरी एखादं 'म्युझिक लायब्ररी' सॉफ्टवेअर उतरवून घेतं, ते उघडतं आणि दहा मिनिटांत बंद करतं.

बंद केलं तर एक वेळ ठीक. खरा धोका असतो तो अर्धवट समजलेलं सॉफ्टवेअर वापरत राहण्यात. हे प्रोग्रॅम एका क्लिकवर पाच हजार फाइल्समधली माहिती बदलू शकतात आणि तो बदल परत फिरवणारं बटण मिळेलच असं नाही.

'फूबार २०००' हे याचं उत्तम उदाहरण.

पडदा इतका रिकामा का दिसतो?

फूबार २००० पहिल्यांदा आलं २००२ मध्ये. ते लिहिणारे पीटर पावलोव्स्की त्याआधी 'विनॲम्प' बनवणाऱ्या नलसॉफ्ट या कंपनीसाठी काम करत. विनॲम्प दिसायला झगमगीत होतं, तर फूबार अगदी उलट. पांढरी खिडकी, वर मेन्यू, खाली यादी. प्रोग्रॅम फुकट आहे आणि इतरांना त्यासाठी 'कंपोनंट' म्हणजे जोड-भाग लिहिता यावेत अशी सोय आहे. २०२३ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती आली, तिच्यात डार्क मोडही मिळाला. स्वभाव मात्र तोच राहिला.

हा रिकामेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. पडद्यावर काय कुठे असावं हे वापरणाऱ्याने ठरवायचं. 'व्ह्यू' मेन्यूत 'लेआउट एडिटिंग मोड' चालू केला की खिडकीचा प्रत्येक तुकडा काढता, हलवता, बदलता येतो. ज्याला काय हवंय ते माहीत आहे, त्याच्यासाठी हे स्वातंत्र्य. नवख्याची अवस्था मात्र भाड्याने घर घ्यायला जावं आणि हातात विटा-सिमेंट मिळावं तशी होते.

बरोबर छापील पुस्तिका येत नाही. जी माहिती आहे ती स्वयंसेवकांनी लिहिलेल्या पानांवर विखुरलेली, इंग्रजीत आणि आधीच थोडंफार येणाऱ्यांसाठी.

मॅन्युअल असतं तरी लोकांनी वाचलं असतं का?

बहुधा नाही. आयबीएममध्ये संशोधन करणाऱ्या जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये याच प्रश्नावर लिहिलं होतं. त्यांनी या प्रकाराला 'सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास' म्हटलं. माणसाला आधी हातातलं काम उरकायचं असतं, त्यामुळे शिकण्यासाठी तो थांबत नाही. थांबला असता तर पुढचं काम लवकर झालं असतं, पण तेवढा धीर नसतो. शिवाय नवीन वस्तू समजून घेताना तो जुन्या वस्तूचं ज्ञान वापरतो. त्याचा कधी उपयोग होतो, कधी दिशाभूल होते.

संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये दिशाभूल करणारं हे जुनं ज्ञान म्हणजे फोल्डर. आपल्याला सवय असते ती 'नाट्यगीत' नावाचा फोल्डर, त्यात 'वसंतराव' नावाचा फोल्डर आणि त्यात फाइल्स अशी. माणूस फूबार उघडतो आणि तेच फोल्डर शोधू लागतो. समोर मात्र भलतीच मांडणी दिसते. काही गाणी 'अननोन'मध्ये, काही भलत्याच नावाखाली. सॉफ्टवेअरने घोळ घातला, असं वाटतं. प्रत्यक्षात घोळ आधीपासूनच फाइल्समध्ये असतो. सॉफ्टवेअर फक्त तो दाखवतं.

हा एक मुद्दा कळला की अर्धं काम झालं. लायब्ररी सॉफ्टवेअर बहुतेक वेळा फोल्डर बघत नाही, ते फाइलच्या आत लिहिलेला टॅग वाचतं.

टॅग म्हणजे नेमकं काय?

एमपी३ फाइलमध्ये आवाजाबरोबर थोडा मजकूरही ठेवता येतो. ही पद्धत १९९६ मध्ये 'आयडी३' या नावाने सुरू झाली. पहिली आवृत्ती फारच चिमुकली होती. फाइलच्या शेवटी १२८ बाइट्सची जागा. त्यात गाण्याचं नाव, गायक आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० अक्षरं, वर्षाला ४, शेऱ्याला ३०. संगीतप्रकार तर शब्दात लिहायचाच नाही, ठरलेल्या यादीतला एक क्रमांक टाकायचा. त्या मूळ यादीत ८० प्रकार होते. ब्लूज होतं, डिस्को होतं, पोल्का होतं. भावगीत, नाट्यगीत, लावणी अर्थातच नव्हतं.

जुन्या फाइल्समध्ये गाण्यांची नावं मध्येच तुटलेली दिसतात ती या ३० अक्षरांमुळे. १९९८ मध्ये आयडी३ची दुसरी आवृत्ती आली आणि ही मर्यादा गेली. संगीतकार आणि गीतकार यांच्यासाठी वेगळे रकाने आले, देवनागरीत लिहायची सोय झाली.

देवनागरीवरून आठवलं, जुन्या फाइल्समध्ये मराठी नाव दोन प्रकारे बिघडलेलं दिसतं. नावाच्या जागी लॅटिन अक्षरांवर टिंबं आणि टोप्या चढवलेली विचित्र ओळ दिसली, तर मूळ मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला गेलेला असतो. तो दुरुस्त होऊ शकतो. ओळीने नुसती प्रश्नचिन्हंच साठवलेली असतील, तर मूळ अक्षरं गेली. पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही.

मराठी गाणी यात कुठे अडतात?

ही सगळी सॉफ्टवेअर्स पाश्चात्त्य रॉक-पॉपच्या सवयीतून घडलेली आहेत. एक कलाकार, त्याचा अल्बम, त्यातली दहा-बारा गाणी. मराठी श्रोता गाणं असं आठवत नाही. त्याला गायक आठवतो, तितकाच संगीतकार आठवतो, आणि गीतकार तर हमखास. गाणं नाटकातलं असेल तर नाटक आठवतं, शास्त्रीय असेल तर राग.

'गीतरामायण' घ्या. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीतं, सुधीर फडके यांचं संगीत. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ती दर आठवड्याला प्रसारित होऊ लागली तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा वेगवेगळ्या गायकांनी ती गायली. नंतर फडके यांनी सगळी गीतं स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. दुसरा संच लायब्ररीत टाकला तर काही अडत नाही, सगळीकडे एकच गायक. पहिल्या संचातली गाणी मिळवून टाकली तर मात्र गीतरामायणाचे तुकडे होऊन प्रत्येक गायकाच्या नावाखाली एकेक-दोनदोन गाणी विखुरतात.

यावर उपाय आहे 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना. 'आर्टिस्ट' म्हणजे त्या एका गाण्याचा गायक, 'अल्बम आर्टिस्ट' म्हणजे अख्खा संच ज्याच्या नावाखाली ठेवायचा तो. हा रकाना कोरा असेल तर फूबार 'आर्टिस्ट'मधलंच नाव उचलतं, म्हणून तुकडे पडतात. सगळ्या गाण्यांत तिथे 'सुधीर फडके' लिहिलं की संच पुन्हा एकत्र येतो आणि प्रत्येक गाण्याचा गायकही जागेवर राहतो.

याच्या उलट अडचण 'कट्यार काळजात घुसली'ची. जितेंद्र अभिषेकींच्या संगीताचं मूळ नाटक १९६७चं, सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट २०१५चा. नाव एकच, काही पदंही तीच. केवळ अल्बमच्या नावावर मांडणी केली तर नाटक आणि चित्रपट एकमेकांत मिसळतात. इथे वर्षाचा रकाना कामी येतो. एरवी कुणी तो भरायच्या भानगडीत पडत नाही.

युगुलगीतांचं आणखी वेगळंच. गायकाच्या रकान्यात दोन नावं स्वल्पविरामाने लिहिली, तर सॉफ्टवेअरच्या लेखी तो एक तिसराच गायक होतो. फूबारच्या 'प्रॉपर्टीज' खिडकीत दोन नावांच्या मध्ये अर्धविराम टाकला, तर ती दोन स्वतंत्र नावं म्हणून साठवली जातात. मांडणीतही तसं सांगितलं, तर गाणं दोघांच्याही नावाखाली दिसतं.

आणि इंग्रजी स्पेलिंग! 'सुधीर' लिहिताना कुणी 'आय' वापरतो, कुणी दोन 'ई'. 'फडके' कुणी 'पी-एच'ने लिहितो, कुणी 'एफ'ने. एकाच बाबूजींचे चार गायक होतात. हे कोणतंही सॉफ्टवेअर आपोआप निस्तरू शकत नाही. एक लिपी, एक स्पेलिंग ठरवून त्यावर ठाम राहणं हे माणसाचंच काम.

मग सुरुवात कुठून करायची?

कॅरल यांच्याच आयबीएममधल्या कामातून १९८४ मध्ये एक मजेशीर प्रयोग पुढे आला होता. लहान मुलांच्या सायकलला बाजूला दोन छोटी चाकं लावतात, तशी सोय त्यांनी वर्ड प्रोसेसरला केली. पुढच्या पायरीचे पर्याय मेन्यूत दिसत, पण निवडले तर चालत नसत. नवखे लोक या बंदिस्त प्रोग्रॅमवर लवकर शिकले, कारण चुकून भलत्याच ठिकाणी जाऊन अडकण्यात त्यांचा वेळ गेला नाही.

फूबारमध्ये अशी चाकं नाहीत, पण ती घरी बनवता येतात. इन्स्टॉल करताना 'पोर्टेबल' हा पर्याय निवडला की प्रोग्रॅम आणि त्याच्या सगळ्या सेटिंग्ज एकाच फोल्डरमध्ये राहतात. बिघडलं तर फोल्डर पुसायचा आणि पुन्हा टाकायचा. मग आपल्या संग्रहातली ४०-५० गाणी वेगळ्या ठिकाणी कॉपी करायची. ती मुद्दाम कटकटीची निवडावीत. एक युगुलगीत, एक नाटकाचा संच, दोन देवनागरी नावांची, एक अजिबात टॅग नसलेलं. 'मीडिया लायब्ररी'मध्ये फक्त हाच फोल्डर दाखवायचा. मूळ संग्रह ज्या डिस्कवर आहे ती संगणकापासून काढूनच ठेवलेली बरी.

आता वाट्टेल ते करून बघा. एका गाण्याचा टॅग बदला आणि डावीकडच्या यादीत काय हललं ते पाहा. मग दहा गाणी एकत्र निवडून बदला. 'एडिट' मेन्यूतलं 'अनडू' प्लेलिस्टमधले बदल मागे घेण्यासाठी असतं, टॅगसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. हे ५० गाण्यांवर कळणं आणि ५ हजार गाण्यांवर कळणं यात फार फरक आहे. सेटिंग्जचं मात्र तसं भय नाही. 'प्रेफरन्सेस'मध्ये प्रत्येक पानासाठी 'रीसेट पेज' हे बटण असतं.

पडद्याची सजावट या टप्प्यावर टाळलेली बरी. बहुतेक जण तिथेच अडकतात. कव्हरचं चित्र कुठे, रंग कोणता यात दोन रविवार जातात आणि टॅग तसेच कच्चे राहतात.

ती टक्केवाली भाषा काय आहे?

फूबारमध्ये पुढे गेलं की टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये कोंडलेले शब्द दिसू लागतात. याला 'टायटल फॉरमॅटिंग' म्हणतात. घाबरण्यासारखं त्यात फारसं काही नाही. दोन टक्क्यांमध्ये रकान्याचं नाव लिहिलं की त्या जागी त्या रकान्यातला मजकूर येतो. '%अल्बम%' लिहिलं की अल्बमचं नाव. (प्रत्यक्षात हे इंग्रजी अक्षरांत लिहायचं असतं.) रकाना कोरा असेल तर प्रश्नचिन्ह दिसतं. तो भाग चौकोनी कंसात टाकला तर माहिती नसताना तिथे काहीच दिसत नाही. एवढं आलं की सुरुवातीचं बरंचसं काम निभावतं.

मराठी संग्रहासाठी याचा मोठा उपयोग आहे, कारण रकाने स्वतःचेही तयार करता येतात. 'राग', 'ताल', 'नाटक' असे रकाने जोडायचे आणि 'अल्बम लिस्ट'च्या सेटिंगमध्ये रागानुसार मांडणी सांगायची. भीमपलास उघडला की त्यातली नाट्यगीतं, भावगीतं आणि ख्याल एकाखाली एक. मोबाइलवरचे साधे प्लेअर हे रकाने दाखवतीलच असं नाही, पण माहिती फाइलमध्ये राहते.

शोध घेण्याची सोयही अशीच आहे. 'कंपोझर' हा रकाना 'मिसिंग' आहे अशी गाणी दाखव, असं इंग्रजीत लिहिलं की संगीतकार न भरलेली सगळी गाणी समोर येतात. त्याची आपोआप बदलणारी प्लेलिस्टही करता येते. गाण्यात संगीतकार भरला की ते यादीतून निघून जातं. हजारो गाण्यांचं काम रोज वीस-पंचवीसने उरकायला ही यादी पुरते.

शेवटी ठेवावं असं काय?

फाइल्सची नावं बदलणं आणि त्या हलवणं. फूबारमध्ये टॅगवरून फाइलचं नाव आणि फोल्डर आपोआप ठरवता येतात. पण टॅग कच्चे असतील तर नावंही कच्चीच होतात आणि जुन्या फोल्डरच्या नावांत जी माहिती होती तीही जाते. या खिडकीत जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी दिसतं, ती यादी शेवटपर्यंत वाचूनच पुढे जावं.

इंटरनेटवरून टॅग आपोआप भरून देणारे 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड'सारखे प्रोग्रॅमही याच वर्गातले. गाण्याच्या आवाजाचा ठसा ओळखून ते माहिती शोधतात. लोकप्रिय इंग्रजी अल्बमसाठी हे छान चालतं. घरच्या कॅसेटसाठी मात्र जपून. कॅसेटवरून उतरवताना कुणीतरी शेऱ्याच्या रकान्यात गावाचं नाव, तारीख, तबल्यावर कोण होतं हे लिहून ठेवलेलं असतं. ती माहिती कोणत्याही सर्व्हरवर नसते. म्हणून टॅगच्या कामाला हात घालण्याआधी सगळ्या गाण्यांचे शेरे एकदा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घ्यावेत आणि ती फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवावी.